दुसऱ्या कडव्यातलं ता ना ना

"मी फोन उचलला नाही ना, ताई, तर गाणी ऐकत बसू नकोस. सरळ घरी ये."

धाकटी एकदा हसत असं म्हणाली होती. बाळाचा लंगोट बदलता बदलता थोरलीनं ते उडवून लावलं होतं. "पुरे गं तुझं नाटक!"

आज तेच बाळ कडेवर घेऊन ती शोधकाम करणाऱ्या वहिनींच्या दारात उभी होती. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे. खरे दीर मात्र एकच. ते कामात सोबत असत, आणि त्यांना प्रत्येक गोष्ट जरा उशिराच समजे.

"काल सकाळपासून धाकटी फोन उचलत नाही. आज बेल वाजवून वाजवून परत आले. आमचे हे म्हणतात, काल संध्याकाळी तिचं नवं गाणं आलंय, म्हणजे बरी आहे. तुलाच काळजीचा रोग."

"त्यांचं बरोबर वाटतंय," दीर म्हणाले.

"भाऊजी, आधी ऐकू तरी."

धाकटी एकटी राहायची. नाचाची गाजलेली गाणी ती आपल्या आवाजात गायची, आणि तिचा रिमिक्सवाला मित्र त्यांना ठेका चढवून चॅनलवर टाकायचा. पोटासाठी ती मोठ्या गायिकांची डमी, म्हणजे गाणं तयार होण्याआधीचं कच्चं गाणं, गाऊन द्यायची.

कालचं गाणं परवाच आलेल्या हिटचं होतं. पहिलं कडवं खणखणीत. दुसऱ्यात शब्दच नाहीत, नुसतं 'ता ना ना'.

"झकास नखरा!" दिरांनी मान डोलावली.

"ती शब्द गाळते कधी?" वहिनींनी विचारलं.

"ती? एक शब्द चुकला तर अख्खं गाणं पुन्हा गाते," थोरली म्हणाली.

वहिनींनी रिमिक्सवाल्याला फोन लावला.

"कालच तर पाठवलं तिनं," तो घाईघाईनं म्हणाला. "मजेत असेल. गेली असेल कुठं फिरायला."

"बोलणं झालं?"

"नाही... म्हणजे, फाइल आली."

फोन ठेवताच दीर उसळले. "यानंच पळवलंय तिला!"

"गाडी काढा, भाऊजी."

धाकटीच्या खालच्या मजल्यावरचे काका जिन्यातच भेटले, चिडलेले.

"सांगा तुमच्या बहिणीला! गाण्याच्या खोलीला तो आवाज अडवणारा जाड थर लावून घेतल्यापासून कसं निवांत होतं. पण काल दुपारपासून नुसता ठेका! धप, धप-धप. गाणं नाही, काही नाही. सकाळपासून जरा मंदावलाय, तेवढंच सुख."

वहिनींचा चेहरा बदलला. "गाताना तिचा फोन कुठं असतो?"

"स्वयंपाकघरात," थोरली म्हणाली. "माइकमध्ये खरखर येते म्हणून."

"भाऊजी, दार तोडा."

"दुसऱ्याचं?"

"खांदा तुमचा, जबाबदारी माझी!"

दार कोसळलं. वहिनींनी धावत जाऊन गाण्याच्या खोलीचं दार बाहेरून ओढलं. धाकटी जमिनीवर पाय ताणून पडली होती. ओठ सुकलेले, दाराची आतली मूठ तुटून हातात आलेली.

"ताई, किती उशीर गं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

थोरलीनं बाळ दिरांच्या हातात कोंबलं आणि बहिणीला घट्ट कवटाळलं. "जीव टांगणीला लावलास, कार्टे!" आणि ती रडता रडता हसायला लागली.

पाण्याचे दोन ग्लास रिकामे झाल्यावर दिरांनी विचारलं, "पण ही आत कोंडलेली, मग काल संध्याकाळचं गाणं गायलं कुणी?"

"हिनंच. फार पूर्वी," वहिनी म्हणाल्या. "डमी गाताना शब्द पुरे झालेले नसतात. तिथं 'ता ना ना' म्हणून जागा भरतात. एक शब्द न गाळणारी बाई अख्खं कडवं गाळेल? म्हणजे ही त्या हिटची नक्कल नव्हतीच. हिट यायच्या आधी हिनं त्यासाठीच गायलेलं कच्चं गाणं होतं. ते मित्राकडे पडून होतं; हिट ताजी असताना भाव मिळेल म्हणून त्यानं न विचारता टाकलं. संगीतकाराला कळलं तर हिचं डमीचं काम जाईल, म्हणून खोटं बोलला. त्यामुळं कालच्या गाण्यावरून कालची धाकटी कळत नव्हती."

"आणि ठेका?"

"त्या थरानं तिच्या हाका अडवल्या. जमिनीवर आपटलेल्या टाचा नाही अडवल्या. गाण्याशिवाय ठेका धरून कोण बसतं, भाऊजी?"

धाकटीनं तिसरा ग्लास पुढं केला. "किती जणांनी ऐकलं माझं ता ना ना?"

"आधी मी त्याचा कान पिळते, मग मोजू," थोरली म्हणाली. दिरांच्या खांद्यावर बाळ गाढ झोपलं होतं.

तुमचीही अशी कुणी एकटी राहत असेल, आणि काल तिचा फोटो दिसला म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, तर आता हे पान मिटा. तिला गाठा आणि विचारा, जेवलीस का?