वैरागच्या गाडीचा पिकअप

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच असतील. पण मला हे लिहूनच सांगता येईल. समोरासमोर बोलायला जीभ उचलत नाही, आणि सगळं त्यातूनच झालं.

सोलापुरात बार्शी रोडला चन्नप्पा उस्तादांचं गॅरेज आहे. तिथं मी डिझेल गाड्यांचं काम करतो. मे महिन्यात वैरागचे धोंडिरामकाका त्यांची टर्बो गाडी घेऊन आले. मधेच पिकअप तुटतो, बंद करून परत चालू केली की नीट. सहा महिन्यांपूर्वी हीच गाडी, हीच तक्रार घेऊन ते माझ्याकडं आले होते.

"दोन गॅरेजला दावली," काका म्हणाले. "मशीनवर काईच येत न्हाय म्हणत्यात. तू बघ शिवा. तुझं काम चांगलं व्हतं."

मी पान्हा पुसत राहिलो.

सहा महिन्यांपूर्वी मला दोष सापडला होता. टर्बोकडून हवा नेणाऱ्या रबरी पाईपला चीर होती. गार असताना दिसायची नाही, तापून जोर आला की उघडायची. नवा पाईप पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते, आणि काकांना लग्नाला जायचं होतं. अशा वेळी आमची एक रीत आहे. टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, वर तार आवळायची, स्कॅनरवरचा दोषाचा कोड पुसायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, दोन दिवस ओव्हरटेक करू नका. उस्ताद जेवायला गेले होते. सांगायचं काम माझं होतं.

मी तोंड उघडलं, तर पुढच्या डाव्या सीटवरून काकांच्या बायको, मनकर्णाकाकू हसल्या. "अगं बया, लाजतंय बघा कसं! एवढा मोठा घोडा झालास, बोल की. बायकू आल्यावर काय खुणा करणार हायस का?"

सगळे हसले. मीही हसलो. गाडी गेली. बोलायचं तोंडातच राहिलं.

वैरागच्या अलीकडं काकांनी उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक केलं. समोरून ट्रक आला. गाडीनं दम सोडला. काकांनी डावीकडं घेतली आणि डावी बाजू ट्रॉलीवर गेली. काका तेवढे वाचले.

गाडी दुसरीकडं दुरुस्त झाली, चेपलेला पाईप भंगारात गेला, नवा पडला. पट्टीचं कुणालाच कळलं नाही.

"ऐन वक्ताला माझा पाय दाबला न्हाय गेला," मे महिन्यात गाडी घेऊन आले त्या दिवशी काका म्हणाले. "म्हातारपन. मीच मारली तिला." मग ते एसटीनं गावी गेले. गाडी माझ्याकडं राहिली.

दुपारी दोनच्या सुमाराला मी ती चालवून बघायला घेतली. एकटाच होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर पाण्यासारखं चमकत होतं. स्कॅनर जोडून समोर ठेवला होता. तिसऱ्या गिअरला गाडी छान ओढत होती, आणि एकदम गळाली. स्कॅनरवर हवेचा दाब मात्र पुरा दिसत होता. कोड नाही, काही नाही.

आणि हवा सुटल्याचा आवाज येत होता. स्स्स... बारीक, डावीकडून.

लिंबाच्या झाडाखाली गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. गळती शोधायला मी हातभर रबरी नळी वापरतो, एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं फिरवायचं. सगळे जोड ऐकले. कुठंच गळती नव्हती. आत येऊन बसलो तर आवाज चालूच. काचा बंद होत्या. गरम झालेल्या ट्यूबचा वास येत होता, आणि त्या गाडीत आता ट्यूबचा तुकडाही नव्हता.

मी नळी डॅशबोर्डवर फिरवली. आवाज वाढला. डाव्या दाराशी नेली. आणखी वाढला. मग मोकळ्या सीटवर, माणसाचं तोंड येईल एवढ्या उंचीवर धरली.

नळीतून ऊन हवा माझ्या कानात आली. थांबली. परत आली. ती गळती नव्हती...

"काकू...?"

हवा थांबली. इंजिनचाही आवाज कानात येईना. बोलणाऱ्याचं ऐकायला कुणी श्वास रोखून धरावा, तसं वाटलं.

"पाईपला चीर होती..." मी म्हणालो. "पट्टी बांधली होती मी. सांगायचं राहिलं... काकांचा पाय चुकला नव्हता."

काही झालं नाही. रोखलेला श्वास तसाच. मी कितीतरी वेळ नळी धरून बसलो. हे जिथं सांगायला हवं ती जागा ही नाही, एवढंच मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन वैरागला गेलो. काका ओट्यावर चहा पीत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अडखळलो, पण सांगितलं. काकांचा चहा गार झाला.

"सा महिनं," ते हळू म्हणाले, "रोज रातच्याला म्या ह्या उजव्या पायाकडं बघत बसतोय रं."

"काका, मी..."

"जा तू."

मी चावी पुढं केली. त्यांनी घेतली नाही. ते उठून गाडीजवळ गेले आणि डाव्या दाराशी उभे राहिले. त्यांचा हात टपावर होता. मी ओट्यापाशीच होतो. चावी लावल्याशिवाय त्या गाडीची काच हलत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? चावी माझ्या मुठीत होती.

डावीकडची काच सरसरत पूर्ण खाली गेली. काका वाकले आणि आत बघून म्हणाले, "ऐकलंस न्हवं?"

मी चावी ओट्यावर ठेवली आणि स्टँडपर्यंत चालत गेलो.