बिळाचं नाव

बिलोलीच्या ओढ्यात शिवप्रसाद वर्षानुवर्षं हातोडी घेऊन फिरला होता, आणि नवं बीळ सापडलं ते पंचशीलेला. नांदेडच्या एका कॉलेजात दोघं भूशास्त्र शिकवत. ती त्याची विद्यार्थिनी, आता सहकारी. या कामात जनावर हाती लागत नाही. लागतं फक्त त्यानं चिखलात उकरलेलं बीळ, दगड होऊन राहिलेलं. नाव द्यायचं तेही बिळालाच. प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून ठेवलेल्या दगडातलं हे बीळ टोकाला तीन फाट्यांत फुटलं होतं. तसं आजवर कुणी नोंदलं नव्हतं.

"सर, बघा की! लई वेगळं हाय."

"बघूनच राहिलो," शिवप्रसाद म्हणाला. त्यानं तिच्या हातातलं भिंग काढून घेतलं.

दुपारी ती तासाला गेली. त्यानं प्रयोगशाळेचं दार लोटलं, छिन्नी टेकवली आणि फाट्यांचं टोक उडवलं. फाटेच नाहीत तर नवेपणा कसला? घरी जाताना पुलावरून त्यानं तुकडे गोदावरीत सोडले. त्या दिवशी कधी नव्हे ती त्याला सणकून भूक लागली.

सकाळी पंचशीला दगडावर वाकलेली होती. ती रडेल असं धरूनच तो आला होता. ती हसली.

"कुणीतरी कोपरा पाडला सर. पण फाटे वाचले."

छिन्नीचा ताजा घाव समोर होता. बीळ त्या घावापर्यंत येत होतं, त्याला वळसा घालत होतं, आणि काल जिथं कोरा दगड होता तिथं पुन्हा फुटलं होतं. चार फाट्यांत.

भीती नंतर वाटली. आधी वाटलं, आता हिचा आणखी बोलबाला होणार.

"याला तुमचंच नाव देणार हाय मी," ती म्हणाली. "ओढा तुम्हीच दाखवला होता."

ती चहा सांगायला बाहेर गेली.

त्यानं दगड उचलला.

खाली टेबलाच्या फळीला भोक होतं. गोल, कडा गुळगुळीत.

त्यानं बोट घातलं. ते मुळापर्यंत गेलं.

फळी जेमतेम नखाएवढी जाड. त्यानं वाकून खालून पाहिलं. बोट कुठंच बाहेर आलं नव्हतं.

आत ओलं होतं, आणि कोमट.