सी तय्यबना काढताना

रमजानात ट्यूनिशियातल्या गाबेस शहराची जन्ममृत्यू कचेरी दोनला बंद होते. काम त्याआधीच बंद झालेलं असतं. त्या दुपारी नजला मात्र थांबली. संगणकातली नोंदवही कोणी पाहायची, कोणी लिहायची, त्या अधिकारांची यादी तिच्याकडे होती. उद्या ट्यूनिसहून तपासनीस येणार होते. यादीत मेलेल्या माणसाचं नाव सापडलं, की तिची नोकरी गेलीच.

नाव होतं. जुने साहेब तय्यब, आदराने सी तय्यब, वारून चार वर्षं झाली होती. पण कचेरीतल्या प्रत्येकाला अधिकार त्यांनीच दिलेले. त्यांचे काढले की सगळ्यांचेच गळून पडणार. म्हणून साहेबांना दफन केलं, यादीतून मात्र हलवलं नाही.

आठवडाभर खपून नजलाने सगळ्यांना स्वतःच्या नावाने नवे अधिकार दिले होते; आज शेवटी सी तय्यबना काढलं. मग उपासाच्या ग्लानीत तिचा डोळा लागला.

साहेबांच्या कपड्यांना यायचा तो मेंदीच्या पाल्याचा ओलसर वास आला. सी तय्यब टेबलापाशी उभे होते, नेहमीसारखे संकोचून.

"पोरी, सगळ्यांना दिलेस... मला नाही?"

स्वप्नात तिला लाज वाटली. "घ्या ना, सी तय्यब," ती म्हणाली.

जागी झाली तेव्हा यादीत शेवटी त्यांचं नाव होतं. देणारी: नजला. वेळ: आत्ताची.

तिने ते पुन्हा काढलं, आपला संगणक बंद केला आणि दाराजवळच्या खिडकीपाशी, पहारेकरी अम्म लाझर, म्हणजे लाझरकाका, याच्या शेजारी येऊन बसली. तिथल्या संगणकावर तिने पाहिलं. यादी स्वच्छ. पण नोंदवहीत या क्षणी कोण बसलंय, तेही कळतं. अधिकार काढला, तरी आधीच आत असलेला माणूस स्वतः उठेपर्यंत आतच राहतो.

आत एकच जण होता. सी तय्यब. चार वर्षांपासून. जागा: नजलाचं टेबल.

"अम्म लाझर... माझा संगणक तर गेल्या महिन्यात नवाकोरा खोक्यातून काढला..."

"हळू बोल, पोरी. काम करतायत ते."

दोघं बघत राहिली. बऱ्याच वेळाने ती ओळ आपोआप पुसली गेली. तपासनिसांना आता काही सापडणार नव्हतं; नोकरी वाचली होती.

मागे, नजलाच्या टेबलापाशी, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

साहेब निघाले की उठायची अम्म लाझरची तीस वर्षांची सवय. तो उठला. त्याची नजर टेबलापासून हळूहळू सरकत आली... दाराकडे गेली नाही. नजलाच्या शेजारी, रिकाम्या जागेवर येऊन थांबली.