आला तर एक, नाही तर दोन

वरसे गावातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर जेवणानंतर बाबाजीमामा येऊन बसले की दिवा लावायचा नाही, असा त्यांचाच नियम. त्या रात्री माझा भाचा अथर्व खुशीत होता. सकाळी तो जुनी गाडी घ्यायला जाणार होता.

"स्वस्तात मिळतेय, मामा. आतून एकदम चकाचक."

"विकणारी माणसं आतूनच धुतात रे," मामा म्हणाले. "वायरिंग उघडून बघितलंस?"

"झालं! आता मामा भूत काढणार," अथर्वची बहीण तनया हसली.

मामा हसले नाहीत. म्हणाले, "माझा साडू दत्तात्रेय. पेणला रामवाडीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्याचं ऐक, मग जा."

सतरा फेब्रुवारी दोन हजार तेवीस. शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. रात्री पावणेनऊला दत्ताला रोह्याच्या सुश्रुत सरांचा फोन आला. महिन्यापूर्वीच घेतलेली जुनी गाडी कासूच्या पुढे खाडीच्या बांधावर बंद पडली होती. सर म्हणाले, "दत्ताभाऊ, मुलीला, वृंदाला, कासू स्टेशनवरून ट्रेनमध्ये बसवतो आणि परत येतो. चावी गाडीतच आहे. तुम्ही सुरू करा."

दत्ता स्कूटरवरून गेला. एकटाच. त्याचा जोडीदार शिवा गावाला गेला होता. या कामाला दोघं लागतात. बॉनेट वर केलं की पुढच्या माणसाला आतलं दिसत नाही. म्हणून एक जण चावीवर बसतो आणि काचेवर ठोकून सांगतो.

बांधावर कोणी नव्हतं. एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला भरतीचं पाणी. दत्ताने बॉनेट उघडलं, फोनचा उजेड लावून ठेवला, दोन तारांचा बल्ब बॅटरीला लावला. बल्ब पेटला. म्हणजे बॅटरी चांगली. करंट पुढे कुठेतरी अडत होता.

तेवढ्यात गाडी किंचित हलली. कोणी आत बसलं की हलते, तशी.

"आलात व्हय, सर?" दत्ता खाली वाकूनच म्हणाला. "बरं झालं. चावी फिरवा. करंट आला तर काचेवर एकदा ठोका, नाय आला तर दोनदा. आला का?"

टक. टक.

दत्ता एकेक तार बघत गेला. प्रत्येक वेळी विचारायचा, "आला का?" प्रत्येक वेळी दोनदा. शेवटी अर्थिंगची, म्हणजे बॅटरी गाडीच्या पत्र्याला जोडणारी, तार सापडली. तिच्या टोकावर मिठाचा पांढरा थर होता. त्याने तो पॉलिशपेपरने घासला, तार पुन्हा आवळली.

"आता?"

टक.

एकदाच. दत्ता खूश झाला. पण मीठ इंजिनात आलं कुठून? त्याने जवळचा एक जोड उघडला. आत चिखल. काळा, खाडीचा. वरून धुतलेली ही गाडी कधीतरी पाण्याखाली होती.

डॅशबोर्डखालचे जोड बघायलाच हवे होते. शॉर्ट होऊ नये म्हणून त्याने बॅटरीची तार काढली, पाना इंजिनावर ठेवला, फोन घेतला आणि दाराशी आला.

आत सर नव्हते. गेले असतील बाजूला, त्याला वाटलं. तो सीटवर बसला. सीट ओली होती. मागे वाऱ्याने दार लागलं. त्याच वेळी फोन वाजला.

"दत्ताभाऊ, ट्रेन उशिरा आली हो. मी अजून स्टेशनवरच आहे..."

खट्.

चारही दारांची कुलपं लागली.

फोन विझला.

दत्ताने कडी ओढली. उघडेना. कुलपाची खुंटी ओढली. हलेना. काचेवर लाथ मारली, दोनदा, तीनदा. काच तशीच. बॅटरीची तार त्याने स्वतः काढली होती. मग कुलूप लागलं कसं?

पायाला गार लागलं. खाडीचा वास आला. हाताने चाचपलं तर पाय कोरडे. तरी गारवा चढत होता. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत.

आणि उघड्या बॉनेटच्या मागून कोणीतरी विचारलं,

"आला का?"

...

"आला का?"

दत्ताचा हात आपोआप काचेवर गेला. टक. टक. नाय आला.

कंबरेपर्यंत गारवा. श्वास पुरेना.

"आला का?"

टक. टक.

तेव्हा त्याला कळलं. तो कुठे बसलाय, ते. कोणाच्या जागेवर. गाडीबरोबर आत बुडालेल्या माणसाच्या.

त्याने अंधारात दाराचा सांधा चाचपला. तिथे रबराच्या नळीतून कुलपाच्या तारा दारात जातात. उघडझाप होऊन त्या तिथेच तुटतात. बोटांना तुटकी तार लागली. आजची नव्हे. टोकं गंजून खरखरीत झालेली. गारवा छातीला आला. त्याने दातांनी तार सोलली. तोंड खारट झालं. दोन टोकं एकमेकांना पिळली.

"आला का?"

त्याने बोटं काचेवर टेकवली...

टक.

खट्. दारं उघडली.

दत्ता बांधावरून पळत सुटला तो कासू स्टेशनातच थांबला.

मामा थांबले.

"सकाळी मी आणि दत्ता गाडी ओढायला गेलो," ते हळू म्हणाले. "बॅटरीची तार तशीच सुटी. ते एक असो. मी मागची काच बघितली. दत्ता मागे गेलाच नव्हता. काचेवर आतून बोटांच्या पेरांचे ठसे होते. मिठाचे. सुकलेले. दोन-दोन, दोन-दोन... खालून वर चढत गेलेले. पार छतापर्यंत."

"आणि?" अथर्वने विचारलं.

"सगळ्यात वर एकच ठसा होता. एकटा. तो अजून ओला होता."