बंद गळ्याचा शर्ट

गळ्याचं माप घ्यायला टेप लावला आणि मला टिकटिक ऐकू आली.

आधी मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं. आमच्या भिंतीवरचं तर पोळ्यापासून बंद पडलेलं. मशीन थांबलेलं, बाजाराचा दिवस नसल्यामुळे सानगडीचा रस्ताही निवांत... आणि या अनोळखी माणसाच्या गळ्याजवळ अगदी बारीक, एकसारखी टिकटिक.

"ताई, टेप घट्ट होऊन राहिला," तो म्हणाला.

मी टेप ढिला केला. कॉलर जराशी सरकली, तेव्हा गळ्याखालून सरळ छातीकडे उतरत गेलेली पांढरट रेघ दिसली. माप लिहायचं मी विसरले. कारण तशीच रेघ दहा दिवसांनी माझ्या छातीवर येणार होती.

मी तृप्ती. आई आणि मी मिळून लेडीज टेलरचं दुकान चालवतो. लहानपणी सांधे दुखून ताप यायचा, त्या तापानं माझ्या हृदयाची एक झडप खाल्ली. आता दोन पायऱ्या चढले तरी धाप लागते. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, छाती उघडून झडप दुरुस्त करू, नाही जमलं तर धातूची बसवू, तिचा थोडा आवाज येतो. पुढच्या शुक्रवारची तारीख मिळाली होती. आईनं गावात मावशीकडे जाणार म्हणून सांगून ठेवलं होतं. लग्नाची पोरगी, छातीवर टाके, कोणी दारात उभं राहील का, हे तिचं म्हणणं.

मी कोणालाच काही सांगत नव्हते, कारण मी जाणारच नव्हते. ताप असला तर ऑपरेशन पुढे ढकलतात, हे मी डॉक्टरांना सगळ्यात आधी विचारून घेतलं होतं. आदल्या दिवशी ताप आणायचा, बस्स.

"आमी जेन्ट्सचं नाही शिवत बाप्पा," आई आतून म्हणाली.

"मावशी, मंडईच्या जत्रेच्या घाईत एकही जेन्ट्स टेलर हात लावून नाही राहिला. एकच शर्ट. बंद गळ्याचा पाहिजे. रविवारी आंधळगावले पोरगी पाहाले जायचं आहे."

त्याचं नाव सुगत. जनावरांच्या दवाखान्यात नुकताच बदलून आला होता. उंच, सावळा, बोलताना भुवया वर जायच्या. त्याच्या आईनं बजावलं होतं, वरचं बटन लागलंच पाहिजे, गळ्याखालचं काही दिसता कामा नये. म्हणजे त्याची आई आणि माझी आई एकाच शाळेत शिकलेल्या.

"कधी मिळन?" त्यानं विचारलं.

"उद्या या," मी म्हटलं. एका दिवसात शर्ट होत नाही हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत असावं. पण तो आला.

बुधवारी आई बटनं आणायला गेली आणि मी सरळच विचारलं, "ते टिकटिक तुमचीच ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. रस्त्याकडे पाहून म्हणाला, "हळू बोला ना ताई. एवढी ऐकू येते का?"

"टेलरले येते. किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

"बेशुद्धीत काय दिसते?"

"काहीच नाही. सिस्टर म्हणाली, दहापासून उलटे आकडे म्हण. मी आठवर आलो. मग डोळे उघडले तर दुसराच दिवस."

"अन् मधले सात आकडे?"

"ते डॉक्टरनं मोजले असन."

मला हसू आलं. पण प्रश्न संपत नव्हते. हृदय थांबवतात तेव्हा माणूस कुठं असतो? परत चालू करताना धक्का बसतो का? छातीचं हाड कशानं जोडतात?

"तारेनं. स्टीलच्या."

"किती टाके?"

"मले का माहीत?"

"विचारलं नाही? मी असती तर विचारलं असतं."

"तुमी काहून असता तिथं?" भुवया वर गेल्या.

"कॉलर किती इंच ठेवू?" मी खाली पाहून विचारलं. मग कापडाशी चाळा करत हळूच म्हटलं, "अन् भेव... भेव नाही वाटलं?"

"मले?" त्यानं छाती फुगवली. "म्हशीले इंजेक्शन देतो मी. हसत हसत आत गेलो. डॉक्टर म्हणाले, असा पेशंट पाहिला नाही."

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट मी आणखीच खचले. माणसं हसत हसत जातात म्हणजे. आणि मी ताप कसा आणायचा याचा विचार करून राहिले होते.

"शर्ट?"

"उद्या या."

गुरुवारी तो आला. शुक्रवारीही आला. शुक्रवारी अवकाळी पाऊस सुरू होता. शेतात कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा भिजत होत्या, सगळ्या गावाला ओल्या तणसाचा वास येत होता. आई उंबरठ्याशी बसून हातशिलाई करत होती, ती शेजारी वाळवण आवरायला धावली. तो रुमालानं केस पुसत आत आला आणि स्टुलावर बसला.

"झाला का शर्ट, तृप्ती?"

मी मान वर केली. "आज ताई कुठं गेली?"

"घरी ठेवून आलो," तो म्हणाला, आणि स्वतःच गडबडून छताकडे पाहू लागला. टिनावर पाऊस वाजत होता. मी पायडलवर पाय ठेवला होता, पण मशीन चालवत नव्हते.

"एक विचारू?"

"आतापर्यंत न विचारता सोडलं का काही?"

"नीट ऐकायचं आहे. जवळून."

त्यानं स्टूल पुढे सरकवला. पाऊस जरा कमी झाला तशी मी वाकले. माझा कान त्याच्या शर्टापासून चार बोटं दूर... आणि ऐकू आलं. टिक, टिक, टिक. साबणाचा वास येत होता, ओल्या कापडाचा येत होता. मग टिकटिक अचानक भरभर होऊ लागली.

"हे काहून धावून राहिलं?" मी विचारलं.

"मले माहीत आहे," तो अगदी हळू म्हणाला, "पण सांगणार नाही."

बाहेर आईची चप्पल वाजली. मी मशीन इतक्या जोरात चालवलं की दोरा तुटला.

शनिवारी त्यानं शेवटचं विचारलं. रविवारी जायचं होतं. शर्ट कापून झाला होता, पुढचा-मागचा भाग जोडून झाला होता, फक्त कॉलर राहिली होती. अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, "सोमवारी या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शर्टाकडे पाहिलं. मग तो निघून गेला.

रविवारी मी एका बाईचा ब्लाउज उलटा कापला. दिवसभर डोळ्यांसमोर आंधळगावची ती न पाहिलेली पोरगी पोह्यांची बशी घेऊन येत होती. चिडण्याचा मला काय हक्क होता? काहीच नाही. तरी चिडले.

सोमवारी दुपारी तो आला तेव्हा आई बाजारात गेली होती.

"कशी आहे पोरगी?" मी वर न पाहता विचारलं.

"पाहिलीच नाही."

"काहून?"

"शर्ट नाही झाला ना."

"घरी दुसरा शर्ट नव्हता का?"

"आहेत ना," तो म्हणाला. "आठ."

मी कात्री खाली ठेवली. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या मागोमाग रडूच आलं. याला आता आणखी फसवणं बरं नव्हतं.

"शुक्रवारी माहं ऑपरेशन आहे," मी म्हटलं. "तुमच्यासारखंच. छाती उघडून. म्हणून विचारत होती सगळं. अन् मी जाणार नाही. तुमी हसत हसत गेले, मले नाही जमत. मरून गेली तर? डोळे उघडलेच नाही तर? मी भित्री आहे, झालं."

त्याचा चेहरा पार उतरला होता. मग म्हणाला, "मी पळालो होतो."

"काय?"

"नागपूरच्या दवाखान्यातून. ऑपरेशनच्या दिवशी, सकाळी सहा वाजता, उपाशी पोटी, त्यांचे हिरवे कपडे घालून. आई तोंड धुवाले गेली अन् मी खाली. ऑटो पकडला, बस पकडली, भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरलो अन् दोन आलूबोंडे खाल्ले."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. "अन् हसत हसत गेलो ते?"

"तुमी विचारलं, अन् मले भाव खायचा होता. चांगली पोरगी विचारून राहिली, तिले का सांगू, हिरव्या कपड्यात बोंडे खात होतो म्हणून?"

"लाज नाही वाटत? सहा दिवस माहं काळीज खाऊन राहिलं ते. जगात मीच एकटी भित्री आहे असं वाटलं मले." मी खरंच भडकले होते. पण हिरव्या कपड्यातला, हातात बोंडा धरलेला हा उंच माणूस डोळ्यांसमोर आला आणि मला हसू फुटलं. हसता हसता धाप लागली. त्यानं उठून माठातलं पाणी आणून दिलं आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत समोर उभा राहिला.

"मग परत काहून गेले?" मी विचारलं.

यावेळी त्यानं भाव खाल्ला नाही. "लगेच नाही गेलो. घरीच जाणार होतो. पण स्टँडच्या बाहेर आलो तं छाती भरून आली. एका खांबाले धरून बसलो. तेव्हा वाटलं, पळालो तरी भेव तेवढंच राहिलं, दम तेवढा कमी झाला. गेलो परत. आईनं सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. अन् खाल्लं होतं म्हणून डॉक्टरनं ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकललं."

मी पाणी संपवलं. पेला मशीनवर ठेवला. मग मी म्हटलं, "बुधवारी सकाळच्या गाडीनं जातो आम्ही. नागपूरले."

"मी येऊ?"

"सुट्टी भेटते का?"

"म्हशी थांबतील दोन-चार दिवस," तो म्हणाला.

आईला सांगावंच लागलं. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, छातीचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं. तो म्हणाला, रोज एक गोळी आणि महिन्याला रक्ताची तपासणी, बाकी गाडी चालवतो, पोतं उचलतो. आईनं बुधवारी तीन माणसांच्या भाकरी बांधल्या.

शुक्रवारी सकाळी मला त्या हिरव्या कपड्यात ढकलगाडीवर झोपवलं. मी शांत वगैरे अजिबात नव्हते. दात वाजत होते. दारापाशी गाडी थांबली. आई एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला.

"मले भेव लागून राहिलं," मी मोठ्यानं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांसमोर.

घाबरू नको असं तो म्हणाला नाही. माझा हात धरून म्हणाला, "लागू दे. तेही तुह्यासंग आत येईन. औषध दिलं की तुह्याआधी तेच झोपन."

मी त्याला पहिल्यांदा तू म्हटलं. "सुगत, तू जाशील का कुठं?"

"नाही."

"आई, याले जाऊ देऊ नको. मी बाहेर येईन तेव्हा हा मले इथं पाहिजे. मले हा आवडते."

आईनं बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली. "बस बाप्पा, इथं बस," ती त्याला म्हणाली. गाडी आत गेली. दहा... नऊ... आठ म्हटल्याचं आठवतं.

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढली. झडप बदलावी लागली नाही, दुरुस्त झाली, असं डॉक्टर सांगून गेले. सिस्टरनं छातीशी उशी धरायला दिली, खोकताना दाबायची, आणि हसायचं नाही म्हणून दम दिला. मग भेटायची पाच मिनिटं. आई भेटून, रडून बाहेर गेली आणि तो आत आला, तोंडाला फडकं बांधून, डोळे लाल.

"झोपला नाही का?" माझा आवाज घोगरा निघाला.

"पाच तास लागले तुले. बाकावर तुही आई अन् मी. काय बोलणार? विचारून टाकलं."

"काय?"

"तुमची पोरगी देता का म्हणून."

मी उशी घट्ट धरली. "मग? आई काय म्हणाली?"

"म्हणाली, मले काहून विचारतो? तिले बाहेर येऊ दे, तिलेच विचार." त्यानं तोंडावरचं फडकं खाली केलं. "आता आली बाहेर. विचारू का?"

"हव," मी मान डोलावून म्हटलं.

"विचारलं नाही अजून."

"माहीत आहे. तरी हव."

सिस्टरनं दारातून बजावलं, हसू नको म्हणून सांगितलं ना, टाके दुखतील. दुखले.