मधली माती

नववीचे पेपर पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून भावना त्यांवर चंदननं आणलेला दगड ठेवायची. विहिरीसाठी पाणी बघून देणारा तिचा नवरा गिरडच्या टेकडीखालून नाही नाही ते घरी उचलून आणायचा. फुटक्या खडकाचे तुकडे मातीत घट्ट बसून हा दगड झाला होता. त्यानं तो मधोमध कापून गुळगुळीत घासला होता.

"हे दोन तुकडे पाह्य. कडा जुळतात. एकाच खडकाचे, मधात माती शिरली," तो म्हणाला होता. "आतला मी. हा काठाले टेकलेला, तू."

"मी काऊन काठावर?"

"तुले सदा बाहेर पळाची घाई!"

गेल्या वैशाखात अर्धवट खणलेल्या विहिरीत तो उतरला आणि दरड कोसळली. माती उपसावी तितकी पुन्हा घसरत होती. शेवटी विहीर बुजवली, तो आतच राहिला. भावनाचा जीव तिथंच अडकला. एकदा, फक्त एकदा त्याचा हात हातात यावा, एवढंच तिला हवं होतं.

दोन तुकड्यांमधल्या मातीवर पूर्वी तुरीचा दाणा मावायचा. दिवाळीत तिथं तांदूळही मावेना. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असलं काही मनात आणू नये, म्हणून तिनं चष्मा बदलला. संक्रांतीला तीळ मावेना.

तो आपल्याकडे सरकत येऊन राह्यला, असं तिला वाटू लागलं. वेडेपणा होता, पण फार गोड होता.

"तो दगड नदीत टाकून ये," सासू सुमित्राबाई म्हणाल्या. "कवाची हाका मारून राह्यली मी. तुले आयकू येत नाई काय?"

भावनाला खरंच ऐकू आलं नव्हतं.

एका सकाळी खुर्चीत बसून तिनं दगड हातात घेतला. मधली माती नव्हती. नखालाही सांधा लागेना. तिला रडू कोसळलं.

मग तिनं काठाकडे पाहिलं.

आतला तुकडा जागचा हलला नव्हता. तिचा तुकडा जिथं टेकलेला होता, त्या काठाजवळ मात्र आता बोटभर माती होती.

चंदन आला नव्हता. तीच गेली होती.

सुमित्राबाई खोलीत आल्या. खुर्चीकडे सरळ बघत म्हणाल्या, "भावना? अवो, कुठीसा गेली?"

खिडकीतून त्यांनी शेजारणीला विचारलं, "कमला, आमची भावना दिसली काय वो?"

अजून ओ देऊन परतता आलं असतं. पण भावनाच्या तळहातात गार, मातीनं भरलेली बोटं हळूच शिरली, आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

सुमित्राबाई दमून त्याच खुर्चीत बसल्या.