देवळीपलीकडची तहान

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं, मला राग येणार नाही. माझा राग दुसरीकडे खर्च झालाय.

आणि आधीच सांगून ठेवते. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. हे भर दुपारी घडलं. सत्याहत्तर सालच्या वैशाखात… आमच्या राहत्या घरात.

गाव कुंभार पिंपळगावच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत तिथे. जालना जिल्हा तेव्हा झालाही नव्हता.

आमच्या आणि गोजरबाईच्या घरात मिळून एकच भिंत होती. मातीची, हातभर जाड. त्या भिंतीत एक देवळी होती. देवळी म्हणजे कोनाडाच, पण हा आरपार होता. संध्याकाळी त्यात चिमणी ठेवली की एका उजेडात दोन्ही घरांचा स्वयंपाक व्हायचा. एक दिवस रॉकेल आमचं, एक दिवस तिचं. विरजण, विस्तव, मीठ, सगळं तिथूनच जायचं-यायचं.

हाक मारायची पद्धतही ठरलेली होती. तांब्याचा काठ देवळीतल्या दगडावर घासायचा.

खर्र… खर्र…

की पलीकडून गोजरबाई यायची. "काय पाहिजे गं माय?"

मग बहात्तरचा दुष्काळ पडला.

पुढचा उन्हाळा तर विचारू नका. विहिरीच्या तळाशी पोरं खेळायची. आई आणि अण्णा खडी फोडायला दुष्काळी कामावर जायचे. घरी मी आणि माझी धाकटी बहीण बेबीनंदा. मी दहा वर्षांची असेन, बेबी चार.

त्या दिवशी टँकर आला नाही. आणि सकाळपासून बेबीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. "ताई, पानी…" एवढंच म्हणत होती. आमचा रांजण कोरडा ठणठणीत. मी तांब्या घेतला, बाजेवर चढले आणि देवळीत घासला.

खर्र… खर्र…

गोजरबाई आली. मी म्हटलं, "काकू, घोटभर पानी द्या. बेबी लई आजारी हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"न्हाई पोरी. पानी न्हाई."

मला देवळीतून तिचा रांजण दिसत होता. त्याच्या पोटावर ओल होती. खालची जमीन भिजलेली होती.

कोरडा रांजण पाझरत नाही. एवढं दहा वर्षांच्या पोरीलाही कळतं.

तांब्या माझ्या हातातून तिथेच सुटला. दिवस मावळायच्या आत बेबी गेली.

रात्री मी आईला रांजणाचं सांगितलं. आई रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने अण्णांना दगड आणायला लावले. देवळी चिणली, वरून शेणमातीने सारवली. तेव्हापासून आमचा गोजरबाईशी एक शब्द नाही.

गावातली साळूबाई यायची आईला समजवायला. "कौसल्या, तिचा कचरू बी त्याच दिवशी आजारी पडल्ता. तिनं आपल्या लेकरासाठी राखलं गं. सोडून दे आता."

हो, कचरू आजारी होता. वाचला. रोज आमच्या दारावरून जायचा, धडधाकट. मला त्याला पाहिलं की दगड उचलावासा वाटायचा. लोकांना काय, माफ करा म्हणायला तोंड लागतं फक्त. ज्याचं गेलं त्याला विचारा.

चार वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, गोजरबाईने अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी कचरू आमच्या दारात आला. रडत होता.

"काकू, माय लई कासावीस व्हऊन राह्यली. तुमच्या हातचं पानी मागून राह्यली. चला ना जल्दी."

आमच्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायला शत्रूसुद्धा जातो. ती रीतच आहे.

आई ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही.

कचरू उभा राहिला… उभा राहिला… मग गेला. थोड्या वेळाने पलीकडे रडारड सुरू झाली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दिवस-कार्य उरकून कचरू घराला कुलूप लावून मंठ्याला मामाकडे निघून गेला. घर रिकामं झालं. भांडंकुंडंसुद्धा ठेवलं नाही त्याने.

आणि एका दुपारी…

खर्र…

आई भाकरी थापत होती. तिचा हात तसाच राहिला.

खर्र… खर्र…

आवाज भिंतीतून येत होता. जिथे देवळी चिणली होती, बरोबर तिथून.

अण्णा बाहेर जाऊन पाहून आले. पलीकडे कुलूप तसंच. "उंदीर आसंल," म्हणाले.

मग तो आवाज रोज दुपारी यायला लागला. ऊन डोक्यावर आलं की सुरू.

आणि आमचा रांजण…

सकाळी मी स्वतः काठोकाठ भरायचे. दुपारी तळाशी थोडं पाणी उरलेलं. फुटलेला नाही, चिरलेला नाही. खाली हात लावून पाहिला, जमीन खडखडीत.

मग भिंत ओली व्हायला लागली. वैशाखात! देवळीच्या जागी हाताएवढा ओला डाग. रोज थोडा मोठा.

भिंत पाझरत होती… त्या दिवशीच्या रांजणासारखी.

अण्णा म्हणाले, "भगताला आणतो."

"बिलकुल न्हाई," आई म्हणाली. "माझं आन तिचं हाय. भगत काहून मधात?"

दुसऱ्या दिवशी आवाज आला तसा आईचा बांध फुटला. एवढी वर्षं ती बोलली नव्हती. सगळं त्या दुपारी निघालं. ती भिंतीवर मुठी आपटत होती.

"काय पाहिजे तुला? आँ? माझी बेबी पानी पानी करत गेली, तवा कुठं गेल्ती तू? रांजण भरलेला व्हता तुझा! घोटभर मागितलं व्हतं लेकरानं! अन् आता मला हाका मारून राह्यली? लाज न्हाई वाटत रांडे?"

भिंत गप्प झाली.

आई धापा टाकत उभी होती. मी तिच्या मागे.

आणि मग…

खर्र…

एकदाच. फार हळू. हातात जोर उरला नसल्यासारखं.

आईने कोपऱ्यातली पहार उचलली.

"कौसल्या, काहून उकरून राह्यली? नको!" अण्णा ओरडले. तिने ऐकलं नाही. ओली माती ढेकळांनी खाली पडली. मग दगड. आत अंधार, आणि थंड हवा तोंडावर आली.

देवळीत एक तांब्या होता.

आमचाच. त्या दिवशी माझ्या हातून सुटलेला. घाईघाईत अण्णांनी दगडांमध्येच चिणला होता. सगळा काळा पडलेला…

फक्त काठ घासून लख्ख झालेला. काल राखेने घासल्यासारखा पिवळाजर्द.

अण्णा दोन पावलं मागे सरकले.

आईने तांब्या उचलला. मला वाटलं, फेकते आता. ती रांजणाकडे गेली. तळाशी होतं नव्हतं ते पाणी तांब्यात ओतलं आणि देवळीत पार पलीकडच्या काठावर सरकवलं. तिचा चेहरा रागाने लालबुंद होता.

"घे. पी. माफ केलं म्हननार न्हाई मी तुला. तहानलेल्याला पानी देऊन राह्यले, बस."

काहीच झालं नाही.

मग पलीकडच्या अंधारातून आवाज आला.

गट्… गट्… गट्…

कुणीतरी खूप दिवसांचं तहानलेलं पीत होतं. तो आवाज मी आजही विसरू शकत नाही.

आईने हात घालून तांब्या परत घेतला. रिकामा होता. ती तिथेच बसली आणि बेबीच्या नावाने रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

थोड्या वेळाने माझ्याकडे पाहून म्हणाली, "शिवकन्या, तू बी घाल घोटभर."

मी म्हटलं, "मी न्हाई घालणार."

तिने जबरदस्ती केली नाही. "मी माझं दिलं. तुझं तुझ्यापाशी."

त्यानंतर रांजण कधी आटला नाही. भिंत सुकली. देवळी आईने तशीच उघडी ठेवली. आई पुढे शांत झोपायला लागली. मी नाही.

आता आई नाही, अण्णा नाहीत. मी जालन्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. तो तांब्या माळ्यावर आहे, मीच आणला. का आणला, मला विचारू नका.

परवा दुपारी मी ओट्यापाशी उभी होते. ओट्यामागच्या भिंतीपलीकडे घर नाही. गच्ची नाही. नुसती हवा आहे.

खर्र…

आवाज समोरच्या त्याच भिंतीतून येत होता. मी मान वर केली नाही.

खर्र… खर्र…

माझं डोकं तापलं. एवढ्या वर्षांनी? आता माझ्याकडे? मी भिंतीवर हात आपटला आणि जोरात ओरडले…

"न्हाई! पानी न्हाई!"

आवाज थांबला. शब्द माझे होते, पण मी ते आधी ऐकले होते. अगदी याच सुरात.

मी हळूच मागे पाहिलं.

कोपऱ्यात माझा माठ होता. सकाळीच भरलेला. त्याच्या पोटावर ओल होती… आणि खालची फरशी भिजली होती.